आधी दाबा, मग बाकी सगळं



आज एक अशी गोष्ट सांगायची आहे जी सांगताना मला लाज वाटते. पण घरात, मंदिरात, शेतात कुणाचं रक्त वाहायला लागलं की आपण बायका काय करतो आणि काय करायला हवं, हे लिहायचं तर सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वातली सकाळ. अभिषेक, पूजा आटोपून आम्ही दहा-बारा जणी मंदिराच्या सभामंडपात बसलो होतो. आमच्यातल्याच एकीचा मुलगा, वय सोळा, शास्त्रांचं कपाट पुसत होता. कपाटाची काच जुनी, फ्रेममध्ये सैल झालेली. ती निसटली आणि त्याच्या हातावरून, मनगटाच्या जरा वर, घसरत खाली आली. पोराने हात वर केला तेव्हा रक्त ठिपकत नव्हतं, धार लागली होती.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. आणि मी काय केलं? मागे सरकले. अंगावर पूजेचं शुद्ध वस्त्र होतं, त्याला डाग लागू नये म्हणून पाय आपोआप मागे गेला. बाकीच्याही तशाच. कुणी म्हणालं हळद आणा, कुणी म्हणालं पंख्याखाली बसवा, कुणी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलं. त्याची आई तर थरथर कापत होती.

शेवटी मंदिराच्या अंगणात झाडलोट करणारी बाई धावत आली. तिने पदराची घडी केली, जखमेवर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि आमच्यावर ओरडली, "गाडी आणा की माय, बघत काय उभ्या राह्यलाव!" मग आम्ही हललो. गाडीत ती त्याच्या शेजारी बसली आणि दवाखान्यात डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिने हात उचलला नाही. तिला हे कसं माहीत? तिच्या नवऱ्याचा हात मळणीयंत्रात सापडला होता तेव्हा शेतातल्या एका म्हाताऱ्याने असंच दाबून धरलं होतं, तिने पाहिलं होतं, एवढंच तिचं शिक्षण.

पोरगा वाचला. दोन बोटांना अजून थोडी बधिरता आहे, ती जाईल असं डॉक्टर म्हणतात. पण माझ्या मनातून ते मागे गेलेलं पाऊल जात नाही.

मी कॉमर्सवाली. डोक्यात काही अडकलं की हिशोब मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून गेले काही महिने ओळखीच्या डॉक्टरांना विचारून, वाचून, हा हिशोब मांडला.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. ही आपली शिल्लक. त्यातलं पाऊण लिटरपर्यंत गेलं तर शरीर कसंबसं सांभाळून घेतं. दीड लिटरच्या पुढे गेलं की नाडी जोरात धावते, अंग गार पडतं, घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो. दोन लिटर गेले की जिवावर बेततं. लहान मुलाच्या अंगात रक्तच कमी, त्यामुळे थोडं गेलं तरी त्याला ते फार असतं. आता खर्चाची बाजू बघा. मोठी धमनी कापली गेली तर हा सगळा खर्च काही मिनिटांत होतो.

आणि आपलं हिमायतनगर कुठे आहे? ग्रामीण रुग्णालयात टाके पडतील, सलाईन लागेल. पण रक्तवाहिनी जोडायची, मोठी शस्त्रक्रिया करायची म्हटलं की नांदेड. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत भोकरमार्गे जायला रस्ता मोकळा असला तरी दीड-दोन तास धरा. एकीकडे मिनिटं, दुसरीकडे तास. हा ताळेबंद जुळवायचा कुणी? डॉक्टर जुळवू शकत नाहीत, ते तिकडे आहेत. रुग्णवाहिका रस्त्यात आहे. जुळवू शकतो तो जखमीच्या शेजारी उभा असलेला माणूस. आणि घरात, शेतात, मंदिरात तो माणूस बहुतेक वेळा एक बाई असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वाहत्या रक्तावर पहिला उपचार दवाखान्यात होत नाही, तो जवळच्या माणसाच्या हातांनी होतो. आणि तो आपण प्रत्येकीने शिकलाच पाहिजे.

दाबायचं कसं

घरातलं सगळ्यात स्वच्छ कापड घ्या. रुमाल, धुतलेला टॉवेल, ओढणी, काहीही. काहीच नसेल तर पदर. ते वाट बघत बसण्यापेक्षा बरं. घडी करून बरोबर जिथून रक्त येतंय तिथे ठेवा आणि दोन्ही तळहातांनी जोर देऊन दाबा. नुसतं हात ठेवणं म्हणजे दाबणं नव्हे. कणीक तिंबताना अंगाचा भार देतो ना, तसा भार द्या. जखमीला शक्यतो आडवं झोपवा.

मग सगळ्यात अवघड भाग, हात उचलायचा नाही. "थांबलं का बघू" म्हणून आपण दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलतो आणि नुकतीच धरायला लागलेली गुठळी निघून येते. किमान दहा मिनिटं सलग दाबायचं. घड्याळ बघायला सुचणार नाही, म्हणून मी माझ्यासाठी एक खूण केली आहे. मनात णमोकार सुरू करायचा आणि एक माळ पूर्ण होईपर्यंत हात हलवायचा नाही. माळेचे मणी १०८ आणि रुग्णवाहिकेचा नंबरही १०८. आता तरी विसरणार नाही ना?

पहिलं कापड भिजलं तर ते काढायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवून आणखी जोरात दाबायचं. जखम खोल, खड्डा पडल्यासारखी असेल आणि ती हाताला, पायाला, काखेत किंवा जांघेत असेल, तर कापड आत भरून मग दाबायचं. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काही भरायचं नाही. जखमेत काच, सळई, लाकूड रुतलेलं असेल तर ते ओढायचं नाही. त्यानेच बूच बसलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं.

हातापायाची जखम असेल, रक्त उसळ्या मारत येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच घट्ट आवळून बांधायचं. जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, दोन-तीन इंचांवर. कोपर आणि गुडघा सोडून. मानेला तर कधीच नाही. सुतळी किंवा तार नको, ती मांसात रुतते. तीन बोटं रुंद कापडाची पट्टी घ्या, गाठ मारा, गाठीत लाटणं किंवा पळीचा दांडा अडकवून पिळत जा, रक्त थांबेपर्यंत. खूप दुखेल, जखमी ओरडेल, तरी सोडायचं नाही. किती वाजता बांधलं ते कागदावर किंवा त्याच्या हातावरच पेनाने लिहा आणि डॉक्टरांशिवाय कुणी ते सोडू नका.

इथे एक गोंधळ होतो. आपल्याकडे साप चावला की लोक करकचून बांधतात. ते चूक आहे. सर्पदंशाला असं आवळून बांधायचं नसतं. तिथे हातपाय न हलवता ताबडतोब दवाखाना. घट्ट आवळणं हे फक्त न थांबणाऱ्या रक्तासाठी.

कडबा कटरमध्ये बोट तुटल्याचे प्रसंग आपल्याकडे घडतात. तुटलेलं बोट टाकून देऊ नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. आधी मात्र हाताचं रक्त थांबवायचं, बोट नंतर.

आणि जखमीला पाणी, चहा, साखर काही पाजू नका. रक्त गेलं की घसा कोरडा पडतो, माणूस पाणी पाणी करतो, आपला जीव तुटतो. पण पुढे भूल द्यावी लागली तर पोटातलं ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. ओठ ओले करा, अंगावर पांघरूण घाला, बोलत राहा.

हळद, चुना आणि बाकीचा डबा

आता आपल्या आवडत्या विषयावर येते. हळद. भाजी चिरताना विळीने बोट जरासं कापलं, हळद दाबली, थांबलं. तिथे हळदीने थांबलं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते दाबल्याने थांबलेलं असतं. छोट्या कापण्याला जे चालून जातं ते मोठ्या जखमेला चालत नाही. हळद, कॉफी, चुना, तंबाखू, राख, टूथपेस्ट, यातलं काहीही भरलं की डॉक्टरांचा पहिला वेळ ते धुण्यात जातो आणि जंतू आत जातात ते वेगळेच. कोळ्याचं जाळं लावणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. आपल्या घरात तर तो विचारही येऊ नये. जखम कितीही लहान असो, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

आपल्या वयाच्या बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, घरात कुणाला हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर त्यांचं रक्त लवकर थांबत नाही. साध्या जखमेलाही जास्त वेळ दाबावं लागतं, आणि डोक्याला मार लागला तर बाहेर रक्त दिसलं नाही तरी दवाखाना गाठायचा. त्या गोळ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवा. दोन, पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा. आयुष्यभर ओट्यापाशी उभं राहून आपल्यातल्या कितीतरी जणींना त्या आहेत. एखादी शीर न्हाणीघरात नुसतं खाजवलं, घासलं तरी फुटते आणि भसाभस रक्त येतं. बाई घाबरून उभी राहते किंवा खुर्चीत बसते, तिथेच घात होतो. लगेच आडवं व्हायचं, पाय उशीवर उंच करायचा आणि शिरेवर बोटांनी दाबून धरायचं. एवढ्याने थांबतं. मग डॉक्टरांना दाखवायचं.

नांदेडची जखम

जखम बांधली, टाके पडले, की आपल्याला वाटतं संपलं. त्याबद्दल आपल्याच जिल्ह्यातली, सगळ्या जगाला माहीत असलेली एक गोष्ट आहे.

सन १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला गोदावरीकाठी मुक्कामाला होते. तिथे त्यांच्यावर हल्लेखोराने शस्त्राने वार केला. शीख परंपरेत सांगितलं जातं की जखम शिवली गेली, भरतही आली होती. पण काही दिवसांनी एक जड धनुष्य ताणताना टाके तुटले आणि पुन्हा रक्त वाहायला लागलं. त्यानंतर, ऑक्टोबर १७०८ मध्ये, ते ज्योतीजोत समावले. आज तिथे हुजूरसाहिब आहे, आणि देशोदेशीचे भाविक नांदेडला येतात.

त्या महापुरुषाची बरोबरी आपण करायची नाही. पण घरातल्या बाईने यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. टाका हा नुसता आधार असतो. आतलं मांस जुळायला दिवस लागतात. आपण मात्र हाताला सहा टाके घेऊन दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी उचलतो, कुकर उतरवतो, "घरचं कोण करणार" म्हणतो. सुनेला टाके पडले तर सासूने आठ दिवस ओटा सांभाळावा आणि सासूला पडले तर सुनेने. हाही उपचारच आहे.

जिथे दाबता येत नाही

सगळंच रक्त दिसत नाही, हेही समजून घ्या. ३ जून २०१४ ची सकाळ मराठवाड्यातलं कोणतं घर विसरेल? गोपीनाथराव मुंडे केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. बीडला सत्कारासाठी यायला निघाले होते. दिल्लीत विमानतळाच्या वाटेवर त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. यकृत फाटून आतल्या आत रक्तस्राव झाला होता, मानेलाही मार होता. देशातलं मोठ्यात मोठं ट्रॉमा सेंटर जवळ होतं, तिथे लगेच नेलं, तरी ते वाचले नाहीत. मागच्या सीटवर पट्टा लावलेला असता तर वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं.

पोटातल्या रक्ताला बाहेरून दाबता येत नाही. तिथे आपल्या हातात दोनच गोष्टी, आधी पट्टा आणि नंतर वेळ. अपघातानंतर माणूस "मला काही झालं नाही" म्हणत असेल, पण पांढराफटक पडला असेल, घाम फुटला असेल, पोट कडक लागत असेल, तर घरी आणून झोपवू नका. आणि यात्रेला जाताना मागे बसलेल्या आपण बायका पट्टा लावत नाही, साडी चुरगळते म्हणून. यापुढे चुरगळू द्या.

बाळंतपणातला रक्तस्राव हाही असाच, फडकी मोजत बसण्याचा विषय नाही. इथे एका बाईची गोष्ट सांगते. उताको ओकामोतो ही जपानची डॉक्टर. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून ती तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायची. बाळंतिणी रक्त जाऊन मरतात याचं तिला दुःख होतं. तिने नवऱ्याबरोबर १९६२ मध्ये ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव आवरणारं औषध जगापुढे आणलं. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये अपघातातल्या जखमींवर आणि २०१७ मध्ये बाळंतिणींवर मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि हे औषध पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात हे सिद्ध झालं. ती २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेली. आपल्या औषधाने बाळंतिणी वाचतात हा निकाल तिला बघायला मिळाला नाही. तिचं औषध आज स्वस्त आहे, पण पहिल्या तीन तासांच्या आत दवाखान्यात पोचणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

पोलिसांची भीती

रस्त्यावर अपघात दिसला की आपल्या घरातले पुरुष म्हणतात, "नको त्या भानगडीत पडू नका, पोलीस, कोर्ट मागे लागेल." ही भीती एकेकाळी खोटी नव्हती. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं, त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथे "ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्या" म्हणून सांगितलं गेलं आणि तो वाटेत गेला. त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरकारी असो की खाजगी, डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर.

मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र आणखी वर्षं गेली. दिल्लीच्या पीयूष तिवारी यांचा चुलतभाऊ, शाळकरी मुलगा, २००७ मध्ये अपघातानंतर रस्त्यावर रक्त जाऊन गेला, येणारे-जाणारे बघत राहिले. त्यातून त्यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं आणि त्यांच्याच याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ आलं. आता अपघातातल्या जखमीला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, दवाखाना तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही की भरतीचे पैसे मागू शकत नाही. उलट २०२५ पासून गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राकडून पंचवीस हजारांचं बक्षीस आहे. बक्षिसासाठी करू नका, पण घरातल्या पुरुषांना हे वाचून दाखवा.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, राज्यभर ९३७ गाड्यांनी तिची सुरुवात झाली. त्यात डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. फोन एकीने करायचा, दाबायचं दुसरीने. फोनवर गावाचं नाव, तालुका, जवळची खूण सांगायची आणि ते सांगतील तोवर फोन ठेवायचा नाही. गाडीला उशीर लागणार असं ते म्हणाले तर घरची गाडी काढा, पण मागे जखमीजवळ दाबणारी बसलीच पाहिजे.

आणि आपलं शुद्ध वस्त्र

शेवटी त्या पावलाकडे येते.

आपण पाणी गाळून पितो. डोळ्यांना न दिसणारा जीव जाऊ नये म्हणून गाळण्याचं फडकं रोज धुतो, वाळवतो. सूर्यास्ताआधी जेवतो. मुंगी दिसली तर केरसुणी बाजूला ठेवतो. हे सगळं मी सोळाव्या वर्षापासून पाळते. आणि समोर एका पोराचा जीव वाहून जात असताना मी कापड सांभाळलं.

मी पंडित नाही. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द आहे, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. प्रमाद म्हणजे नुसता आळस नाही, गाफीलपणाही. मी शिकले असते तर मला येत असतं. साठ वर्षांत शिकले नाही, हा माझा प्रमाद. अनुकंपा हे सम्यक्त्वाचं लक्षण सांगितलं आहे, आणि चार दानांत औषधदान आहे, अभयदान आहे. डागाळलेलं वस्त्र बदलता येतं, स्नान करून पुन्हा पूजेला बसता येतं.

एक मैत्रीण मला म्हणाली, "ज्याच्या त्याच्या कर्माचा उदय." असेल. पण मी तिथे दोन हातांवर उभी होते, हाही कुठल्यातरी कर्माचाच योग होता की नाही? दुसरी म्हणाली, "अर्धवट माहितीने काही वाईट झालं तर?" दाबल्याने कुणाचं वाईट होत नाही, न दाबल्याने होतं. दुसऱ्याच्या रक्तातून कावीळ, एड्स यांची लागण होऊ शकते ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे, हातात प्लास्टिकची पिशवी चढवा, मग दाबा, नंतर साबणाने हात धुवा. तुमच्या हातावर उघडी जखम असेल तर दुसरीला पुढे करा.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी त्या पोराच्या आईकडे गेले. उत्तम क्षमा म्हटलं, हात जोडले आणि सांगितलं की त्या दिवशी मी मागे सरकले. ती भोळी. म्हणाली, "काकू, तुम्ही कुठे काय केलंत?" तिला माझं समाधान करायचं होतं. मी मात्र घरी येऊन बराच वेळ तेच वाक्य घोळवत बसले. कारण खरंच, मी काहीच केलं नव्हतं. मग झाडलोट करणाऱ्या त्या बाईकडे गेले. तिला नवी साडी दिली. ती म्हणाली, "जुनी धुतली की माय, निघाला डाग." तरी साडी ठेवून घेतली.

आता आमच्या मंदिरात शास्त्रांच्या कपाटाशेजारी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात धुऊन, इस्त्री करून ठेवलेली सुती फडकी, रुंद पट्ट्या, निर्जंतुक जाळीची पाकिटं, हातमोजे, कात्री, पेन आणि झाकणावर नंबर. कपाटाची काचही बदलली. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी सुचवणार आहे की चातुर्मासात भजन-प्रश्नमंच होतात तसा एक रविवार डॉक्टरांना बोलवून हे हाताने करून बघायचा ठेवावा. वाचून येत नाही, करून येतं. मी उशीवर टॉवेल ठेवून दहा मिनिटं दाबून पाहिलं, तिसऱ्या मिनिटाला हात भरून आले. तेव्हा कळलं त्या बाईने नुसता पदर दिला नव्हता.

तुमच्या गावात मंडळ असो नसो, घरातल्या घरात एवढं करा. एक डबा भरा. सुनेला, लेकीला, नातवाला, घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवा. रात्री झोपताना एकदा उशीवर दाबून बघा, एक माळ होईपर्यंत.

जय जिनेंद्र.